घाबरायला लक्ष्या हवा

आमच्या आंबेगाव तालुक्यात भर बाजारात 'ओ तात्या' अशी हाक मारली, तर एका वेळी चारपाच माणसं मागं वळून बघतात. निरगुडसरला आमच्या आळीतच तीन तात्या होते. एक किराणा दुकानवाले, एक सोसायटीतून निवृत्त झालेले, आणि तिसरे माझे सख्खे चुलते. घरातल्या कर्त्या माणसाला आण्णा, नाना, तात्या म्हणायची इकडची रीतच आहे. त्या हाकेत धाक असतो आणि मायाही असते. तात्या विंचू नावाच्या खुनी बाहुल्याचा 'झपाटलेला' हा चित्रपट येऊन गेल्यावर मात्र कुठल्याही तात्यानं हाक मारली, की पोरं आधी त्याच्या हाताकडं बघायला लागली. चाकू नाही ना, याची खात्री करून मग 'ओ' द्यायची. चुलत्यांना याचा उलगडा व्हायला बरेच दिवस लागले. झाला तेव्हा ते म्हणाले, "मेल्यांनो, चाकू नाही, पण चप्पल आहे."

ते तात्या आता नाहीत. पुतण्यांचा आणि भाचरांचा तात्या आता मीच आहे. या पुस्तकाच्या मंडळींनी प्रस्तावनेसाठी मला गाठलं ते बहुधा त्याच नात्यानं.

पुस्तक गावातल्या सातआठ पोरापोरींचं आहे. कुणी मंचरला शिकतं, कुणी पुण्यात नोकरी करतं, एक जण घरचा ऊस आणि गोठा बघतो. 'झपाटलेला' कसा पाहिला, कुठं पाहिला, किती घाबरलात, हे त्यांनी गावातल्या माणसांना विचारलं आणि जसं ऐकलं तसं उतरवून घेतलं. त्याच्या जोडीला स्वतःचे लेख लिहिले. सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: जुनी भयपटांची मालिका नव्या पोरांसाठी पुन्हा उभी करायची, तर परत आणायचं काय? बाहुला, मंत्र, चाकू, की आणखी काही?

माझं उत्तर शीर्षकात आहेच. ते मला कुठं सापडलं, ते आधी सांगतो.

१९९४चा गणेशोत्सव असावा. तेव्हा गणपतीत एक रात्र व्हीसीआरची असायची. वर्गणीतून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर मंचरहून भाड्यानं यायचा, रात्रभराच्या बोलीवर, तीन कॅसेट. देवळापुढं बाकावर टीव्ही, त्याच्यापुढं पोत्यांवर पोरं, त्यांच्यामागं बायका, आणि पार मागं, अंधारात, आपण बघतच नाही असं दाखवणारे बापे. दुसरी कॅसेट 'झपाटलेला'ची होती. मध्यरात्र होत आली होती. बाहुला एकटा असताना पहिल्यांदा हलतो, त्याच सुमाराला वीज गेली. कुणी ओरडलंही नाही. शेदीडशे माणसं श्वास धरून बसलेली. तेवढ्यात देवळाच्या मागच्या बोळातून पावलं वाजली आणि एक बॅटरी लुकलुकत पुढं आली. कुणीतरी कापऱ्या आवाजात विचारलं, "कोण हाय?"

"मी तात्या," आवाज आला.

पुढच्या मिनिटाचं वर्णन पुस्तकात तीन जणांनी तीन तऱ्हांनी केलंय. मला आठवतं ते एवढंच, की माझी एक चप्पल दुसऱ्या दिवशी निर्माल्याच्या टोपलीत सापडली. पोरांना घरी न्यायला आलेले चुलते रिकाम्या पोत्यांवर बॅटरी मारत उभे होते. मग मागच्या बाप्यांमधून एक जण हसला, आणि बघता बघता सगळं गाव हसलं. त्या रात्री किंकाळी आणि हसू यांच्यात मोजून दहा सेकंदांचं अंतर होतं. या चित्रपटाची सगळी किमया त्या दहा सेकंदांत आहे, असं मला अजूनही वाटतं.

आता थोडं कूळ बघू. ज्याला स्लॅशर म्हणतात तो प्रकार सांगायला सोपा आहे. एक खुनी, हातात धारदार हत्यार, एका जागी सापडलेली तरुण माणसं, एकेकाचा नंबर, आणि शेवटी उरणारी बहुतेक वेळा एक मुलगी. हिचकॉकचा 'सायको' (१९६०) हा या घराण्याचा मूळ पुरुष मानतात. घडी बसवली ती १९७८मध्ये जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन'नं. पैसे इतके बेताचे, की खुन्याचा चेहरा म्हणून दुकानातून एक स्वस्तातला मुखवटा आणला. तो होता 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा. त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली, आणि मायकल मायर्स तयार झाला. १९८०ला 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला, १९८४ला 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'. मुखवटा मानधन वाढवून मागत नाही आणि म्हाताराही होत नाही. म्हणून या चित्रपटांच्या मालिका होतात. खुनी दरवेळी मरतो आणि दरवेळी उठतो, कारण गल्ला त्याला मरू देत नाही.

१९८८मध्ये टॉम हॉलंडनं दिग्दर्शित केलेला 'चाइल्ड्स प्ले' आला. डॉन मॅन्सिनीच्या डोक्यातून निघालेली ही गोष्ट. चार्ल्स ली रे नावाचा खुनी पोलिसांच्या गोळीनं मरता मरता खेळण्यांच्या दुकानात शिरतो, मंत्र म्हणतो आणि आपला जीव एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला, चकी, सहा वर्षांच्या अँडीला वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो. बाहुला बोलतो, चालतो, मारतो, हे पोरगं जीव तोडून सांगत राहतं आणि मोठ्यांपैकी कुणालाही ते पटत नाही.

महेश कोठारे यांनी पाच वर्षांनी या गोष्टीवरून 'झपाटलेला' केला. उचललेली गोष्ट, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे, आणि पुस्तकातल्या एका लेखानं ते केलंही आहे. मला मात्र त्यांनी काय बदललं ते जास्त मोलाचं वाटतं. पहिली गोष्ट नाव. चकी हे चार्ल्सचं लाडाचं रूप. आपल्याकडं अर्धं नाव नात्याचं घेतलं आणि अर्धं दगडाखालचं. आमच्या भागात गोवऱ्या उचलायला गेलेल्या बाईला विंचू काय असतो ते सांगावं लागत नाही. घरचा तात्या आणि घरातच सापडणारा विंचू एका नावात आले, आणि परका खुनी आपल्या ओसरीवर येऊन बसला.

दुसरा बदल गावाचा. शहरातलं खेळण्यांचं दुकान मागं पडलं आणि श्रीरंगपूर आलं. हवालदार आले, आई आली, मंत्र देणारा बाबा चमत्कार आला. राघवेंद्र कडकोळांचा तो बाबा आणि दिलीप प्रभावळकरांचा हाडामांसाचा तात्या विंचू यांनी पहिल्या काही मिनिटांतच चित्रपटाला मराठी गावरान जरब दिली. मुखवट्यातल्या खलनायकाची आपल्या प्रेक्षकाला सवयही होती. १९९०च्या 'धडाकेबाज'मध्ये कोठारेंनीच कवट्या महाकाळ आणून ठेवला होता.

बाहुला घडवला आणि हलवला तो रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी शब्दभ्रमाचा खेळ मराठी रंगमंचावर रुजवला, त्यांचा अर्धवटराव आता शंभरी ओलांडून गेलाय. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो हसरा ससाही रामदास पाध्यांचाच. ज्या घरातल्या बाहुल्यांनी महाराष्ट्राच्या तीनचार पिढ्या हसवल्या, त्याच घरातून तात्या विंचू निघाला. बोलका बाहुला म्हणजे गंमत, हे आमच्या मनात पक्कं बसलेलं होतं. म्हणून तो वाकड्या नजरेनं बघायला लागला तेव्हा एवढा दचका बसला.

तिसरा बदल सगळ्यात मोठा. सहा वर्षांच्या अँडीच्या जागी लक्ष्मीकांत बेर्डे आले. बाहुल्यांचं वेड असलेला, आईचा लाडका, घोडा झालेला तरी पोरगाच राहिलेला लक्ष्या. इथं गोष्टीचा कणाच बदलला. लहान मूल घाबरलं की आपण त्याच्यासाठी घाबरतो. थोराड बाप्या घाबरला की आपण आधी हसतो आणि मग आपल्याला आपलंच घाबरणं आठवतं. लक्ष्याचे ते विस्फारलेले डोळे, घशात अडकलेला शब्द, बाहुल्याकडं दाखवणारं थरथरतं बोट, आणि त्याचं बोलणं कानाआड करणारी सगळी दुनिया. भीती पडद्यावर आणत होता तो लक्ष्याच. बाहुला फक्त डोळे फिरवत होता.

हे कसब लक्ष्मीकांतकडं कुठून आलं, याचा धागा आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात सापडतो. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. यात्रांचा हंगाम जवळ आला की तिथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी तमाशा ठरवायला येतात. आमच्या यात्रेचा तमाशाही तिथूनच ठरायचा. तमाशाच्या वगात राजा असतो, प्रधान असतो, कधी राक्षसही असतो. पण गाव ज्याची वाट बघतं तो सोंगाड्या. तलवार दिसली की तो पाटलाच्या मागं लपतो. भुताचं नाव निघालं की धोतर सावरतो. आपण चारचौघांत जे कबूल करणार नाही ते भ्यालेपण तो आपल्या वतीनं उघड्यावर मांडतो, आणि त्याला हसता हसता आपण हलके होतो.

लक्ष्या हा 'झपाटलेला'तला सोंगाड्या आहे. मी हे ओढूनताणून म्हणत नाही. आदल्याच वर्षी, १९९२मध्ये, जब्बार पटेलांच्या 'एक होता विदूषक'मध्ये लक्ष्मीकांतनी तमाशातला सोंगाड्याच उभा केला होता. पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे, आणि सोबत मधू कांबीकर, ज्यांची लावणी महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. त्याच मधूताई 'झपाटलेला'त लक्ष्याच्या आई झाल्या. अमेरिकेतून आलेल्या गोष्टीनं इकडं पाय रोवले ते या जुन्या मातीत.

मग २० वर्षं गेली. मधे १६ डिसेंबर २००४ला लक्ष्मीकांत गेले. ७ जून २०१३ला 'झपाटलेला २' आला, त्रिमितीत, म्हणजे थ्रीडीमध्ये. आदिनाथ कोठारे लक्ष्याचा मुलगा झाला, सोबत मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर होते. पुण्याला जाऊन तो पाहिलेल्या चौघांनी पुस्तकात लिहिलंय, आणि चौघांचाही सूर एकच आहे: बाहुला आवडला, चष्म्यातून अंगावर आला, पण रात्री झोप लागली. मला याचं कारण असं दिसतं, की पहिल्या भागात भिणं आणि हसवणं एकाच अंगात होतं. दुसऱ्यात त्याची वाटणी झाली. लढायचं काम देखण्या नायकाकडं गेलं आणि हसवायचं काम विनोदी नटाकडं. भ्यायचं काम कुणाच्याच वाट्याला नीट आलं नाही. तंत्र पुढं गेलं होतं, लक्ष्याची जागा रिकामी होती.

बाहेरच्या जगातही असंच दिसतं. 'हॅलोविन'चे एकामागून एक भाग निघाले, मुखवटा तोच, सुरी तीच, आणि जीव कमी कमी होत गेला. २०१८मध्ये डेव्हिड गॉर्डन ग्रीननं मधले सगळे भाग बाजूला सारले आणि थेट १९७८ला जोडून गोष्ट सांगितली. त्याच्या मध्यभागी त्यानं लॉरी स्ट्रोडला बसवलं. जेमी ली कर्टिसनं चाळीस वर्षांपूर्वी केलेली ती पोर आता आजी झालीय, घराला कड्याकुलपं लावून, बंदूक हाताशी ठेवून, त्या एका रात्रीतून अजून बाहेर न पडलेली. मुखवट्यामागं चाळीस वर्षांत काहीच बदललं नव्हतं, घाबरलेल्या बाईत मात्र सगळं बदललं होतं, आणि लोकांनी गर्दी केली ती तिला बघायला. चकीचंही तसंच. २०१९च्या नव्या 'चाइल्ड्स प्ले'त मंत्र काढून टाकला आणि बिघडलेल्या संगणकी बुद्धीचा बाहुला आणला, पण तो एका चित्रपटावरच थांबला. मॅन्सिनीनं मात्र २०२१मध्ये मालिका काढताना ब्रॅड डूरिफचा जुना आवाज ठेवला आणि बाहुला दिला तो शाळेत छळ सोसणाऱ्या, बापानंही समजून न घेतलेल्या चौदा वर्षांच्या जेकच्या हातात. खुनी जुना, भिणारा नवा. ती मालिका तीन हंगाम चालली.

'झपाटलेला'च्या तिसऱ्या भागाचीही घोषणा झालीय. लक्ष्मीकांतना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं पडद्यावर आणायचं, असं बोलणंही कानावर आलं. आमच्या संपादकांत यावरून दोन तट आहेत, दोघांचेही लेख आत आहेत. मला एवढंच सुचतं: गेलेल्या माणसाचा जीव घडवलेल्या देहात घालायचा, ही तर तात्या विंचूचीच गोष्ट आहे. मंत्र तेवढा नवा. लक्ष्याचा चेहरा येईल, आवाजही येईल. पण त्याचं भिणं हे त्याच्या वेळेचं, त्याच्या अंगाचं, समोरच्या माणसाकडं बघून क्षणात सुचलेलं होतं. ते कुठल्या यंत्रात साठवून ठेवलेलं नाही.

या पुस्तकातलं मंत्र आणि बाबांवरचं एक प्रकरण वाचकानं जरा थांबून वाचावं. 'झपाटलेला २' आला त्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१३ला, पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्यानंतर नरबळी व जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात आला. मंत्रानं जीव इकडचा तिकडं करणारा बाबा पडद्यावर बघून आपण हसतो. पडद्याबाहेर त्याच नावावर घरं बुडतात. गावातल्या एका आजींनी सांगितलेली आठवण तिथं आहे. ती मी इथं उघड करत नाही. भीतीची मजा लुटायची तर भीतीचा धंदा कुठं सुरू होतो हेही माहीत असावं, एवढं म्हणून पुढं जातो.

मग नवी पोरं कशाला भितात? मी त्यांना हेच विचारलं. बाहुल्याला कुणी भीत नाही. भुताला नाही. त्यांच्या लेखांत पुन्हा पुन्हा एकच जागा येते: उसाचा बांध, रात्रीची वेळ.

इथल्या नसलेल्या वाचकासाठी सांगतो. घोड नदीवर डिंभे धरण झालं, कालव्यांनी पाणी आलं आणि पूर्वेकडच्या या कोरडवाहू पट्ट्यात ऊस उभा राहिला. पारगावला भीमाशंकर साखर कारखाना झाला. उसात गारवा, आडोसा, जवळ कुत्री आणि शेळ्या. बिबट्यानं तिथंच घर केलं. तिथंच त्याची पिल्लं जन्माला आली, ज्यांनी जंगल कधी पाहिलंच नाही. तोडणीच्या वेळी फडात बछडी सापडतात. जुन्नरजवळ माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. पलीकडं शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला २०२५मध्ये हल्ले झाले, तेव्हा गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाणारी माणसं साऱ्या देशानं पाहिली. स्लॅशर चित्रपटातलं सगळं इथं आहे. कुणीतरी आपल्याला बघतंय, आपल्याला ते दिसत नाही, आणि उसाचं पान हललं ते वाऱ्यानं की कशानं, हे कळायला वेळ नाही. बारावीतल्या एका मुलीनं तिच्या लेखात लिहिलंय, की तात्या विंचूच्या मनात सूड होता, बिबट्याच्या पोटात नुसती भूक आहे, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही. मला हे वाक्य लिहिता आलं नसतं.

पुढचा 'झपाटलेला' निरगुडसरच्या उसात घडावा, असं मी म्हणत नाही. बिबट्याच्या हल्ल्यात ज्यांची पोरं गेली त्यांच्या दुःखावर चित्रपट बेतणं सोपं नाही, आणि घाईनं करू नये. म्हणणं इतकंच, की जो कुणी ही मालिका परत उभी करेल त्यानं बाहुल्याचा साचा शोधत बसू नये, तो पाध्यांकडं आहेच. त्यानं आजचा घाबरट शोधावा. खरा घाबरलेला आणि तरी आपल्याला हसवू शकणारा. तो अशाच कुठल्यातरी बांधावर उभा असेल.

एकदा मला तो दिसलाही. मागच्या थंडीत शेतीपंपाला रात्रपाळीची वीज होती. पुतण्या भरणं द्यायला निघाला, त्याची आई ओरडली, म्हणून मीही सोबत गेलो. एकट्यानं जाऊ नका, बोलत राहा, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावा, असं वनखात्याची माणसं सांगतात. पोरानं बारं दिलं, मोबाइल खोऱ्याच्या दांड्याला बांधला आणि आवाज पार वर नेला. मला वाटलं भजन लागेल, नाहीतर डीजेचं काहीतरी. अंधारात, दोन्ही अंगांना डोक्यावर गेलेला ऊस असताना, एकदम लक्ष्याची किंकाळी घुमली. पाठोपाठ तात्या विंचूचं ते हसणं.

"अरे, हे काय लावलंस?"

"तात्या," पोरगा दारं मोडता मोडता म्हणाला, "तुम्ही ह्याला भीत होता ना? मग त्यो पण भिईल की."

त्याची बॅटरी उसाच्या कडेवरून सारखी फिरत होती. हात किंचित कापत होता, आणि तो हसत होता.